ड्राइव्ह बदलल्यावर क्लिपा भलत्याच जोडल्या गेल्यात, ओव्यांचं दोन वर्षांचं शूटिंग कसं लावून घेऊ?

ओवीवेडी_आटपाडी

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं काय झालंय ते कळणार नाही.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. गेली दोन वर्षं रविवारी आणि सुट्टीत खरसुंडी, झरे, दिघंची, निंबवडे अशा आमच्या तालुक्यातल्या गावांत जाऊन म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या शूट करतेय. कॅमेरा साधा, सेकंडहँड घेतलेला, एमपी४ फाइल देतो. आवाजासाठी वेगळा छोटा रेकॉर्डर पाटावर बाईंच्या समोर ठेवते कारण कॅमेऱ्याच्या माइकमध्ये जात्याची घरघरच जास्त येते आणि शब्द कमी. ६४ जीबीची दोन कार्डं आहेत, आलटून पालटून वापरते, लॅपटॉपवर उतरवलं की फॉरमॅट. आणि प्रत्येक फॉरमॅटनंतर कॅमेरा परत सी०००१ पासून नंबर सुरू करतो.

एकूण ४१२ क्लिपा आहेत, साधारण २६ तास, ५८० जीबीच्या आसपास. एडिटिंग दाविंची रिझॉल्व्हच्या फ्री आवृत्तीवर करते. आतापर्यंत क्लिपा लॅपटॉपवर वेगवेगळ्या फोल्डरांत होत्या, नावं म्हणजे 'रविवार', 'झरे नवीन', 'न्यू फोल्डर ३' अशी, पण चाललं होतं. लॅपटॉप भरला म्हणून १ टीबीचा पोर्टेबल ड्राइव्ह घेतला आणि मी आणि पुतण्यानं मिळून सगळं कट-पेस्ट करून 'ओव्या सगळ्या' अशा एकाच फोल्डरात टाकलं, म्हटलं एका जागी असलं की सापडायला बरं. मध्ये मध्ये विंडोज विचारत होतं की याच नावाची फाइल आधीच आहे, काय करू, तर बहुतेक वेळा दोन्ही ठेवा केलं, त्यामुळे सी०००४ आणि मग सी०००४ कंसात २, कंसात ३ अशा फाइली झाल्यात. पण काही वेळा रिप्लेस दाबलं गेलं. किती वेळा ते दोघांनाही आठवत नाही.

मग प्रोजेक्ट उघडला तर टाइमलाइन, म्हणजे क्लिपा ओळीनं लावलेली पट्टी, पूर्ण लाल, मीडिया ऑफलाइन, म्हणजे फाइली सापडत नाहीत. नेटवर बघून सगळ्या क्लिपा सिलेक्ट केल्या, रीलिंक केलं, म्हणजे फाइली आता कुठं आहेत ते सॉफ्टवेअरला परत सांगितलं, ड्राइव्ह दाखवला आणि बराचसा लाल रंग गेला. मी खूश. प्ले केलं तर झऱ्याच्या आजींचा आवाज चालू आहे आणि चित्र दिघंचीच्या गोठ्याचं, म्हैस रवंथ करतेय. पुढे खरसुंडीच्या मावशी गातायत आणि तोंड दुसऱ्याच बाईंचं हलतंय. २२ मिनिटांची फिल्म तयार झाली होती, ८ मार्चला शाळेत महिला दिनाला गावातल्या बायकांना दाखवायची होती.

झऱ्याच्या त्या आजी मागच्या दिवाळीत गेल्या. त्यांचं शूटिंग परत होणार नाही. म्हणून जरा घाबरलेय. कुठून सुरुवात करू ते सांगा, इंग्रजी व्हिडिओ बघून डोकं चालेना झालंय.

टाइमलाइन_सांगलीकर

ताई, पहिली गोष्ट म्हणजे त्या ड्राइव्हवर आता काहीही नवीन टाकू नका, काही डिलीट करू नका आणि दोन्ही कार्डं कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेवा. प्रोजेक्टही सेव्ह करत बसू नका. बाकीचं बऱ्यापैकी निस्तरता येतं.

काय झालंय ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढची पायरी का करायची ते कळेल. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या आत तुमची क्लिप नसतेच. रिझॉल्व्ह घ्या, प्रीमियर घ्या, केडेनलाइव्ह घ्या, सगळ्यांचं तेच. तुम्ही शिक्षिका आहात तर असं बघा, प्रोजेक्ट म्हणजे हजेरीपट. पटावर तुकडी आणि नंबर लिहिलेला असतो, पोरगं वर्गात बसलेलं असतं. तुम्ही पाच तुकड्यांची पोरं एका हॉलमध्ये नेऊन उभी केलीत आणि नुसतं 'चार नंबर' असं पुकारलंत. एका पोराच्या शर्टावर साधा ४ आहे, बाकीच्यांच्या शर्टावर आता 'चार कंसात दोन', 'चार कंसात तीन' असं लिहिलंय. मग ज्याच्यावर साधा ४ आहे तोच पाचही वेळा 'हजर' म्हणणार. तुमच्या सगळ्या सी०००४ आता त्या एकाच फाइलला चिकटल्यात, ती फाइल दिघंचीच्या गोठ्याची निघाली एवढंच. कॅमेरा प्रत्येक क्लिपचा टाइमकोड, म्हणजे क्लिपवरचं घड्याळ, शून्यापासून धरत असेल तर सॉफ्टवेअरकडे फरक ओळखायला दुसरं काही राहतच नाही.

आता करायचं असं. प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये जा, प्रोजेक्टवर राइट क्लिक करून प्रोजेक्ट बॅकअप्स बघा. तो पर्याय आधीपासून चालू असेल तर रीलिंक करायच्या आधीची आवृत्ती तिथं सापडेल, ती वेगळ्या नावानं उघडा. ती पूर्ण लालच दिसेल, घाबरायचं नाही, आपल्याला लालच पाहिजे. कारण त्या लाल क्लिपांना अजून जुना पत्ता आठवतोय. मीडिया पूल, म्हणजे प्रोजेक्टमधल्या सगळ्या क्लिपांची खिडकी, लिस्ट व्ह्यूमध्ये घ्या, वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून फाइल पाथचा कॉलम चालू करा. प्रत्येक क्लिपसमोर ती आधी कुठल्या फोल्डरात होती ते दिसेल, 'रविवार' का 'झरे नवीन' ते. शेजारी ड्युरेशन पण दिसतं. हे सगळं एका कागदावर उतरवून घ्या, निदान फिल्ममध्ये वापरलेल्या क्लिपांचं तरी.

मग विंडोजच्या फोल्डरात डेट मॉडिफाइड आणि लेंथ हे दोन कॉलम लावा. डेट क्रिएटेडवर जाऊ नका, कॉपी केली की तिथं कॉपी केल्याची तारीख येते. मॉडिफाइडमध्ये शूटिंगचीच तारीख टिकते. तारखेप्रमाणे लावलं की एकेक रविवार आपोआप वेगळा पडेल. प्रत्येक रविवारचा वेगळा फोल्डर करा, त्या त्या फाइली त्यात टाका आणि शेवटचा तो कंसातला आकडा काढून नाव परत सी०००४ करा, वेगळ्या फोल्डरात गेल्यावर भांडण राहत नाही.

शेवटी रीलिंक, पण सगळं एकदम नाही. झऱ्याच्या क्लिपा सिलेक्ट करा, झऱ्याचाच फोल्डर दाखवा. मग दिघंची. वरचा अख्खा ड्राइव्ह परत दाखवू नका.

ओवीवेडी_आटपाडी

दादा, खूप खूप आभार. बॅकअप सापडला! पाथचा कॉलम लावल्यावर जुने फोल्डर दिसले तेव्हा जीव भांड्यात पडला. हजेरीपटाचं लगेच कळलं.

काल रात्री एक वाजेपर्यंत बसून १९ रविवारांचे १९ फोल्डर केले. फिल्ममध्ये ६३ क्लिपा वापरल्यात, त्यातल्या ५७ बरोबर जोडल्या गेल्या. ६ अजून लाल आहेत. त्यात झऱ्याच्या आजींची मुख्य क्लिप आहे, सी०००४, ११ मिनिटं ४० सेकंदांची. त्या तारखेला त्या लांबीची फाइल ड्राइव्हवर कुठंच नाही. म्हणजे रिप्लेसमध्ये गेली असणार ना? आणि एक अडचण, दोन रविवार एकाच गावात गेले होते, तिथं कुठली क्लिप कुठल्या दिवसाची ते डोळ्यांनी कळत नाही, तोच ओटा, तेच लुगडं.

लग्नशूटर_लातूर

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. तुमच्याकडं रेकॉर्डरच्या वेगळ्या वॅव फाइली आहेत ना, त्याच तुमच्या साक्षीदार. ज्या क्लिपबद्दल शंका आहे ती आणि त्या दिवसाची वॅव दोन्ही सिलेक्ट करा, राइट क्लिक, ऑटो सिंक ऑडिओ, त्यात वेव्हफॉर्मवरून, म्हणजे आवाजाच्या लाटांच्या आकारावरून, असा पर्याय घ्या. एकाच वेळचं रेकॉर्डिंग असेल तर ते जुळतं, दुसऱ्या दिवसाचं असेल तर जुळत नाही. जुळल्यावर दहा सेकंद ओठांकडं बघून खात्री करा म्हणजे झालं. आम्ही लग्नात दोन कॅमेऱ्यांच्या क्लिप्स अशाच ओळखतो, मंगलाष्टका दोन्हीकडं सारख्याच वाजत असतात त्यामुळं लगेच बसतं.

आता रिप्लेस झालेल्या सहा. पोर्टेबल ड्राइव्ह हार्डडिस्कचा असेल, एसएसडी नसेल, तर थोडी आशा आहे. फाइल रिप्लेस झाली तरी जुना डेटा जागेवर पडलेला असू शकतो, वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ओपन सोर्स, त्यानं ड्राइव्ह स्कॅन करा. सापडलेल्या फाइली त्याच ड्राइव्हवर सेव्ह करू नका, दुसऱ्या डिस्कवर करा, नाहीतर शोधताना आपणच पुसून टाकतो. फाइलचं मूळ नाव मिळणार नाही आणि मोठे व्हिडिओ कधी कधी तुकड्यात येतात, चालत नाहीत. तरी बघाच.

आणि इथून पुढचं, हे मनावर घ्या. मी वर्षाला तीसेक लग्नं करतो. सुरुवातीला एका लग्नात हळदीचं कार्ड आणि साखरपुड्याचं कार्ड एकाच फोल्डरात उतरवलं होतं, तुमच्यासारखंच झालं, नवरीच्या आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवलेला शॉट गेला. तिच्या वडिलांना सांगताना मला जे वाटलं ते अजून विसरलो नाही. तेव्हापासून माझा एकच नियम, कार्ड उतरवायचं ते त्याच रात्री, कितीही दमलेलो असो. प्रत्येक कार्डाला स्वतःचा फोल्डर, आणि फोल्डरचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, मग गाव, मग कार्ड ए का बी. वर्ष पुढं ठेवलं की यादी आपोआप तारखेनं लागते. मग त्याच फोल्डरच्या नावानं फाइली पण रिनेम करून टाकतो, म्हणजे दोन फाइलींचं नाव जन्मात सारखं येत नाही.

उतरवताना नुसतं कॉपी-पेस्ट नको. टेराकॉपी नावाच्या सॉफ्टवेअरनं करा, व्हेरिफायची टिक लावून. रिझॉल्व्हच्या मीडिया पेजवर क्लोन टूल पण आहे, ते मूळ आणि कॉपी चेकसमनं, म्हणजे फाइलच्या डेटावरून काढलेल्या आकड्यानं, ताडून बघतं. मग कार्डाच्या प्रॉपर्टीज आणि फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडून फाइलींचा आकडा आणि बाइट्स सारखे आहेत का बघायचं. दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट नाही. शूटिंगला गेल्यावर भरलेलं कार्ड डबीत उलटं ठेवायचं, लेबल खाली, आणि बाजूची लॉकची कडी ओढून. हॉलमध्ये अंधारात हात घातला तरी कळतं कुठलं भरलंय.

अजून एक, ड्राइव्ह लावल्यावर विंडोज कधी ई देतं कधी एफ, तेवढ्यानं पण सगळं लाल होतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ड्राइव्हला कायमचं एम अक्षर देऊन टाका, एम म्हणजे मीडिया.

बिनवाला_पुणे

लग्नशूटर दादांच्या सगळ्या गोष्टींना हो, फक्त फाइल रिनेम करण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. रिनेम करायचंच असेल तर एकदाच, कार्ड उतरवल्या उतरवल्या, सॉफ्टवेअरमध्ये घ्यायच्या आधी. एकदा क्लिप प्रोजेक्टमध्ये गेली की बाहेरून नावाला हात लावायचा नाही, तिथूनच पुढची सगळी भांडणं सुरू होतात. आणि सगळे कॅमेरे रिनेम सहन करत नाहीत. जुन्या हँडीकॅमचं एव्हीसीएचडी नावाचं फॉरमॅट असतं त्यात लांब रेकॉर्डिंगचे तुकडे पडतात आणि ते कसे जोडायचे त्याची माहिती शेजारच्या फाइलींत असते, तिथं नुसत्या व्हिडिओच्या एमटीएस फाइली उचलल्या तर सांध्यावर आवाज तुटतो. काही कॅमेरे एमपी४ शेजारी त्याच नावाची, क्लिपची माहिती असलेली एक्सएमएल फाइल ठेवतात, एमपी४चं नाव बदललं की ती अनाथ. म्हणून मी कार्डाचा अख्खा ढाचा आहे तसा उचलतो, फक्त बाहेरच्या फोल्डरला नाव देतो.

मग क्लिप ओळखायची कशी? तर सॉफ्टवेअरच्या आत. रिझॉल्व्हमध्ये क्लिप नेम आणि फाइल नेम ही दोन वेगळी खाती आहेत. मीडिया पूलमध्ये क्लिपवर सावकाश दोनदा क्लिक करून 'झरे आजी जातं क्लोजअप' असं मराठीत लिहिलं तरी डिस्कवरच्या फाइलला काही होत नाही. मूळ नाव बघायचं असेल तर व्ह्यू मेन्यूत शो फाइल नेम्स आहे. ताईंसाठी हेच बरं पडेल असं मला वाटतं, कारण डिस्कवर देवनागरी नावं ठेवली तर काही जुनी टूल्स अडखळतात, पण क्लिप नेममध्ये, कीवर्डमध्ये बिनधास्त मराठी लिहा.

आणि मेटाडेटाच्या, म्हणजे क्लिपबद्दलच्या माहितीच्या खिडकीत कीवर्ड्स भरलेत की स्मार्ट बिन करता येते. बिन म्हणजे सॉफ्टवेअरच्या आतला क्लिपांचा कप्पा, स्मार्ट बिन कीवर्डवरून आपोआप भरते. 'विठ्ठल' कीवर्ड असलेल्या सगळ्या क्लिपा एका बिनमध्ये, 'भाऊराया' दुसऱ्या, 'सासर' तिसऱ्या. क्लिप तिथं खरोखर हलत नाही, नुसती दिसते, त्यामुळे एकच ओवी तीन स्मार्ट बिनमध्ये असली तरी काही बिघडत नाही. गावाप्रमाणे साध्या बिन, विषयाप्रमाणे स्मार्ट बिन, असं ठेवा.

हो, आणि मोबाइलवरच्या क्लिपा मिसळणार असाल तर जपून. फोन व्हेरिएबल फ्रेम रेटवर रेकॉर्ड करतो, म्हणजे सेकंदाला येणारी चित्रं कमी-जास्त होतात, लांब ओवीत आवाज हळूहळू ओठांच्या पुढे-मागे सरकतो. आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट २५ वर काढून घ्या. व्हॉट्सअपवर कुणी पाठवत असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर दाबलेली, धुरकट फाइल येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं विचारायचं राहिलंय. ताई, तुमच्या लॅपटॉपवर एडिटिंग अडखळत नव्हतं का? कधी कुणाचं ऐकून जनरेट प्रॉक्सी मीडिया केलं होतं का, म्हणजे एडिटिंग हलकं व्हावं म्हणून क्लिपांच्या छोट्या, कमी दर्जाच्या प्रती बनवल्या होत्या का? आठवून बघा. केलं असेल तर प्रोजेक्ट सेटिंगमध्ये प्रॉक्सीची जागा दिलेली असेल, तो फोल्डर उघडून बघा. तुम्ही मूळ क्लिपा कट-पेस्ट केल्यात, प्रॉक्सीला हात लावला नसेल.

जुनी_कॅसेट

मी या क्षेत्रात बीटाकॅमच्या टेपपासून आहे, आता निवृत्त. वरच्या तिघांनी बरोबर सांगितलंय, सॉफ्टवेअरचं मला त्यांच्याइतकं कळत नाही. मला वेगळ्या गोष्टीबद्दल लिहायचंय.

टेपच्या काळात शूटिंगहून आलो की आधी लॉगशीट. टेप नंबर, टाइमकोड, कोण आहे, काय म्हणाला, आवाज कसा, चांगला का टाकाऊ. एडिट सूट तासाच्या भाड्यानं मिळायचा, तिथं बसून शोधाशोध परवडत नसे, म्हणून घरी साध्या व्हीसीआरवर टाइमकोड छापलेली कॉपी बघत वहीत लिहायचो. आता जागा स्वस्त झाली, कार्ड परत परत वापरता येतं, म्हणून लोक शूट करत राहतात आणि लिहायचं सोडून देतात. बाई, तुमच्याकडे २६ तास आहेत. दहा वर्षांनी त्यातली एखादी ओवी कुणाला हवी असेल तर ती सापडणार कशी? ती गाणाऱ्या बाईचं माहेर कुठलं, ही ओवी तिला आईकडून आली का सासूकडून, हे आज तुम्हाला माहीत आहे. कॅमेऱ्याला माहीत नाही.

तुम्ही करताय त्या कामाची मोठी वाट आधी पडलेली आहे. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून त्या पारीच्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर येत आहेत. तिथं जाऊन बघा. नुसता आवाज ठेवलेला नाही. गाणारी कोण, गाव कुठलं, ओवीचा विषय काय, अशी वर्गवारी केलेली आहे, म्हणून तो एवढा मोठा साठा आज कुणालाही वापरता येतो. तुमच्या कीवर्डसाठी विषयांची यादी शून्यापासून बनवत बसू नका, तिथली बघून घ्या आणि तुमच्या भागात वेगळं काही सापडलं तर त्यात भर घाला.

आणि ही माहिती फक्त प्रोजेक्टमध्ये ठेवू नका. रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट हा क्लिपांशेजारी ठेवलेली फाइल नसून त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतो, कॉम्प्युटर फॉरमॅट झाला की तोही जातो. दर महिन्याला प्रोजेक्ट डीआरपी फाइल म्हणून एक्स्पोर्ट करून ड्राइव्हवर ठेवा. फाइल मेन्यूतून मीडिया पूलचा मेटाडेटा सीएसव्हीत काढता येतो हे मला माझ्या मुलीनं दाखवलं, ती एक्सेलमध्ये उघडते. ती यादी छापून शाळेच्या कपाटातही ठेवा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक दुसऱ्या घरात. एकच ड्राइव्ह आणि त्यावरच सगळं, ही सध्या तुमची अवस्था आहे आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

ओवीवेडी_आटपाडी

सगळ्यांना एकदम लिहितेय.

फोटोरेक दोन रात्री चाललं. सहापैकी दोन क्लिपा पूर्ण मिळाल्या, एक अर्धवट चालते. झऱ्याच्या आजींची नाही मिळाली.

मग पुण्याच्या दादांनी विचारलेलं प्रॉक्सीचं. मला त्या शब्दाचा अर्थच माहीत नव्हता, पण आठवलं की मागच्या वर्षी लॅपटॉप फारच अडकायला लागला म्हणून पुतण्यानं काहीतरी केलं होतं आणि मग गाडी नीट चालायला लागली होती. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये बघितलं, लॅपटॉपच्याच डी ड्राइव्हवर प्रॉक्सीचा फोल्डर होता. त्यात ३८ फाइली. एकेक उघडत गेले. एकविसावी उघडली आणि आजी. जात्यात मूठ टाकतायत, हातातल्या बांगड्या मागे सारतायत, मग माझ्याकडे बघून विचारतात, 'चालू झालं का गं?' आणि गायला लागतात. पूर्ण ११ मिनिटं ४० सेकंद. ९६० बाय ५४० ची आहे, मूळ १९२० बाय १०८० च्या निम्मी, थोडी मऊ दिसते. रेकॉर्डरची वॅव होतीच माझ्याकडे, वेव्हफॉर्मवरून जोडली, पहिल्या फटक्यात जुळली. आवाज एकदम स्वच्छ.

फिल्ममध्ये तीच वापरणार आहे. आजींच्या सुनेला काल फोनवर दाखवली, त्यांना काही फरक कळला नाही, त्या नुसत्या बघत राहिल्या.

जुनी कॅसेट काका, तुमचं वाचून कालपासून वही केलीय. खरसुंडीच्या ४४ क्लिपांचं लिहून झालं. गाव, बाईंचं नाव, माहेर, कुणाकडून शिकल्या, विषय. एक तासाची क्लिप लिहायला तीन तास लागतायत, पण लिहिताना कितीतरी ओव्या नव्यानं ऐकू आल्या, शूटिंगच्या वेळी मी कॅमेराच बघत होते. दोन बायकांना माहेर विचारायचं राहिलंय, येत्या रविवारी परत जाणार आहे.

एकच प्रश्न उरलाय. ती प्रॉक्सी टाइमलाइनवर घेताना प्रॉक्सी म्हणूनच जोडायची का साधी क्लिप म्हणून?

टाइमलाइन_सांगलीकर

साधी क्लिप म्हणून. मूळ फाइल आता नाही, त्यामुळे हीच मूळ. आधी ती प्रॉक्सीच्या फोल्डरातून कॉपी करून झऱ्याच्या त्या रविवारच्या फोल्डरात ठेवा, मग तिथून मीडिया पूलमध्ये घ्या. प्रॉक्सीच्या फोल्डरात राहिली तर पुढेमागे जागा करायला म्हणून कुणीतरी तो फोल्डर उडवेल. आणि टाइमलाइनवर घ्यायच्या आधी तिची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर गेली पाहिजे. आत्ता, हे वाचल्या वाचल्या.

ओवीवेडी_आटपाडी

केली. एक ड्राइव्हवर, एक पुतण्याच्या कॉम्प्युटरवर, आणि एक पेनड्राइव्ह आजींच्या सुनेकडे दिलाय.